वरिजिनल विलासअण्णा

आमच्या वरच्या मजल्यावरचे विलासअण्णा जिवंत माणसांचं सुतक पाळतात.

मला हे कळलं सोसायटीच्या मीटिंगमध्ये. विषय पाण्याच्या टाकीच्या गळतीचा होता आणि ती टाकी बरोबर अण्णांच्या स्वयंपाकघरावर गळते, म्हणजे सगळ्यांत जास्त ओरडायचा हक्क त्यांचाच. पण अण्णा दारातच उभे राहिले. दाढी वाढलेली, केसांना तेल नाही, चेहरा पडलेला. आत या म्हटलं तर हात आडवा केला. "न्हाय येत. सुतक हाय मला."

सेक्रेटरींनी चष्मा काढून हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण वारलं?"

"आमचा गिटारवाला," अण्णा म्हणाले. "बँड सोडला त्येनं. पोरीकडं कॅनडात ऱ्हायाला जायलाय."

"म्हणजे... आहेत ना ते?"

"हाय की. ठणठणीत हाय. त्येचंच तर लई वाईट वाटायलंय."

त्या दिवशी गळतीचा ठराव काही झाला नाही. टाकी अजून गळते.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पोरांना नद्या शिकवतो त्या आटत चालल्यात, जंगलं शिकवतो ती तुटत चाललीत, आणि राज्यांच्या सीमा शिकवायला लागलो की आमच्या बेळगावात वर्गातच दोन तट पडतात. त्यामुळे जगात काही टिकेल यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. अशा माणसाला शेजार मिळावा तो विलासअण्णांचा. त्यांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर विश्वास, आणि ती गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत दर वर्षी थोडी थोडी मोडत चाललेली. सुरुवातीला मला त्यांचं हसू यायचं. नंतर नंतर हसून झालं की पुढं काय करावं हेच कळेना.

अण्णा मूळचे निपाणीचे. घरचा तंबाखूचा व्यापार, मोठी वखार. आता टिळकवाडीत राहतात, सत्तरीला टेकलेत. अंगानं किरकोळ, नाक धारदार, आणि मागं पांढऱ्या केसांची वीतभर शेपटी, रबरानं बांधलेली. ही शेपटी मी इथं राहायला आलो तेव्हा नव्हती, नंतर उगवली. पाठमोरे उभे असले की भाजीवाले "काय देऊ आक्का?" म्हणतात. अण्णांना त्याचं काही वाटत नाही. खरी आक्का म्हणजे त्यांची बायको, सुमनआक्का. त्यांना मात्र वाटतं. "लग्न ठरिवताना सांगितलं, पोरगा निर्व्यसनी हाय," त्या मला म्हणाल्या होत्या. "तंबाखूच्या वखारीत जल्मून सुपारीसुदीक खात न्हाई. ह्ये व्यसन कुणी सांगितलंच न्हाई बगा मास्तर."

व्यसनाचं नाव 'रस्टी अँकर'. वास्कोच्या चार पोरांनी काढलेला रॉक बँड. एक गाणारा, एक गिटारवाला, एक ड्रमवाला, आणि बेस गिटार वाजवणारा आग्नेल. गाणी इंग्रजी, स्वतः रचलेली. त्यांतला एक शब्दही मला कधी समजला नाही. अण्णांना एकदा अर्थ विचारला तर चिडले. "अर्थ काय करायचाय? भजनातला तरी तुमास्नी सगळा कळतोय काय?" मला भजनातलाही कळत नव्हता.

अण्णा कॉलेजात असताना हा बँड बेळगावात आला, आणि बँडच्या आयुष्यातला पहिलाच कार्यक्रम अण्णांनी बंद पाडला. झालं असं की त्या दिवशी नेमकी खंडेनवमी. निपाणीच्या व्यापाऱ्याच्या पोराला यंत्र दिसलं की हळदकुंकू आठवणार. वखारीतला काटा, टेम्पो, शिवायची मशीन, सगळ्यांची त्या दिवशी पूजा होते. आणि इथं मैदानात स्पीकरची माणसाएवढी काळी खोकी ओळीनं उभी, आणि एकालाही साधं कुंकवाचं बोट लागलेलं नाही. पोरं परगावची, त्यांना कोण सांगणार? अण्णांच्या मनाला ते बरं वाटेना. बरोबर त्यांचा दोस्त सदा होता. सदाही निपाणीचाच, इंजिनिअरिंगला शिकणारा. तो म्हणत होता, "करू नगंस विल्या, माझा पूजेवर इस्वास न्हाई आणि ओल्या विजेवर तर न्हाईच न्हाई." पण अण्णांनी प्रत्येक खोक्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि सगळ्यांत मोठ्या खोक्याच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. पाणी सरळ आत. पहिल्याच गाण्याच्या मध्यावर खोक्यातून म्हशीसारखा आवाज निघाला आणि मैदान गप्प झालं.

लोकांनी अण्णांना बडवलंच असतं. पण सदा स्टेजवर चढला, मागची फळी उघडली, आणि आग्नेलनं अंगातला शर्ट काढून पुसायला दिला. दोघांनी मिळून ते खोकं पुन्हा बोलतं केलं. मग आग्नेल खाली येऊन अण्णांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुवें नाल्ल फोडलो, आतां आमचो बँड मरचो ना." दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्या चौघांना कुंद्याचा, आमच्या बेळगावी खव्याच्या मिठाईचा, एकेक डबा दिला. बेळगावचा माणूस माफी मागतो, आभार मानतो, निरोप देतो, सगळं कुंद्यानंच.

बँड आता मरायचा नाही, हे वाक्य आग्नेल बहुधा विसरला. अण्णा नाहीत विसरले. तो बँड आपल्या नारळावर उभा आहे असं ते आजही मनापासून मानतात.

त्यानंतर चौघांची टोळी जमली. अण्णा, सदा, खानापूरचा बसू आणि बेळगावच्या कँपातला फ्रान्सिस. जिथं अँकरचा शो तिथं हे चौघं अण्णांच्या पांढऱ्या गाडीतून हजर. मडगाव, हुबळी, कोल्हापूर, पुणे. गाडीत बसायचा नियम ठरलेला होता. बँड जसा, तशी गाडी. प्रत्येकानं एक वादक आपला मानलेला. अण्णांचा आग्नेल, म्हणून ते चालवणार. सदाचा ड्रमवाला, म्हणून तो त्यांच्या शेजारी पुढं. "बेस आणि ड्रम शेजारी शेजारी पायजेत," अण्णा समजावून सांगतात. "ती दोघं जमली की बाकीचं आपोआप जमतंय." मागं एका खिडकीला बसू, त्याचा गिटारवाला. दुसऱ्या खिडकीला फ्रान्सिस, त्याचा गाणारा. आपला माणूस बँड सोडून गेला की ज्याचा त्यानं सुतक पाळायचं, शेवटच्या दिवशी बाकीच्यांना जेवू घालायचं, आणि सोडून जाणाऱ्याला कुंद्याचा डबा पोचवायचा. चार शिकलेली माणसं हे गंभीरपणे करत होती.

मग जे व्हायचं ते होत गेलं. गाणारा आधी दुबईला गेला, तिथून परत आला तो धर्मोपदेशक होऊन, आणि रॉक हे सैतानाचं काम आहे असं सांगत फिरू लागला. ड्रमवाला वारला. गिटारवाला कॅनडाला गेला, ज्याचं सुतक, बसू इथं नव्हता म्हणून त्याच्या वतीनं, अण्णांनी पाळलेलं मी पाहिलं. त्यांच्या जागी नवे आले, नव्यांच्या जागी आणखी नवे. प्रत्येक बदलाला सुमनआक्का म्हणायच्या, "झालं, संपला एकदाचा." आणि अण्णा शांतपणे त्यांचं ते ठरलेलं वाक्य बोलायचे. "आग्नेल हाय न्हवं? वरिजिनल एक हाय न्हवं? मग बास."

हे वाक्य त्यांनी कुठं कुठं वापरलंय सांगू? कँपातली जुनी बेकरी विकली गेली आणि नव्या मालकानं सगळं बदललं, पण भट्टीवरचा म्हातारा तोच राहिला. "वरिजिनल एक हाय न्हवं? मग बास." आक्कांच्या तोंडात खालची एकच दाढ स्वतःची उरली, तेव्हाही हेच. आक्का त्यावर दोन दिवस बोलल्या नाहीत.

इकडं गाडीतली माणसंही गळत होती, ते मात्र अण्णा कधी मोठ्यानं बोलले नाहीत. फ्रान्सिस झोपेतच गेला. बसू मुलाकडं बंगळूरला गेला, तिथून रोज सकाळी फोनवर फुलांची चित्रं पाठवतो. मी या इमारतीत राहायला आलो त्याच महिन्यात, गिटारवाल्याचं सुतक फिटल्यावर, अण्णा घरी आले, माझ्याकडं खालून वर बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी फ्रान्सिसच्या जाग्याव." मला वाटलं सोसायटीची कसली तरी कमिटी असेल. हो म्हणून बसलो. रविवारी सकाळी मी गोव्याच्या वाटेवर चोर्ल्याच्या घाटात होतो. मागच्या डाव्या खिडकीला मी, उजव्या खिडकीला बसूच्या जाग्याव तळमजल्यावरचे वकील. वकिलांनी कानात कापूस घालूनच गाडीत पाय ठेवला होता. त्यांना अनुभव होता.

पुढची शीट रिकामी होती. मला गाडी लागते, म्हणून मी पुढचं दार उघडलं.

"तिथं न्हाय," अण्णा म्हणाले. "ती भरलीया."

"कुणी येणार आहे?"

"सदाची हाय ती."

"सदा कुठं आहेत?"

"निपाणीत. बरा हाय." आणि गाडी सुरू केली. मी घाटात दोनदा उतरलो, रस्त्याकडेला बसलो, पुन्हा मागं चढलो. पुढची शीट शेवटपर्यंत रिकामी.

तो कार्यक्रम मडगावच्या एका हॉटेलात, जेवणाऱ्या लोकांच्या समोर होता. माशांचे काटे काढत लोक ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. आग्नेल खुर्चीवर बसून वाजवायचा, गुडघे गेलेले. बाकी तिघं त्याच्या नातवंडांच्या वयाचे. पण एक गोष्ट मी पाहिली. आग्नेल तारा जुळवून थांबला होता. डोळ्यांवर हात धरून त्यानं पहिली रांग शोधली, अण्णा दिसले, मान हलवली, आणि मगच पहिला सूर लावला. अण्णा म्हणाले, "कायम असंच करतोय त्यो. मी दिसल्याबिगर चालू करत न्हाई." आणि मग दीड-दोन तास ते हललेसुद्धा नाहीत. माझं डोकं ठणकत होतं, वकील झोपले होते, आणि अण्णांच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते पुसायची त्यांना लाज वाटत नव्हती.

परत येताना मी न राहवून विचारलं, "अण्णा, एवढं काय आहे हो यात?"

घाटाचं एक वळण गेल्यावर अण्णा म्हणाले, "सदाची आई आमच्या वखारीत तंबाखू निवडायला होती. सदा घरी आला की आमची आई त्येला च्या द्यायची. कप वायला, येगळा. मागच्या दाराला कोनाड्यात ठेवलेला. त्यो स्वताच धुऊन ठेवायचा. मी बगायचो, काय बोलायचो न्हाई. काय बोलणार? अँकरच्या त्या पहिल्या शोला, ती मशीन चालू झाल्याव, आमी दोघांनी एका बाटलीतनं सोडा पिला. गर्दीत कोण इचारतंय? अंधार, आवाज, सगळी येडी. मला वाटलं, आता हितंच ऱ्हावं." मग गिअर बदलला. "अर्थ काय इचारतायसा गाण्याचा."

मी पुन्हा कधी विचारला नाही.

दर गुरुवारी अण्णा गाडी काढून एकटेच निपाणीला जायचे. कुणी विचारलं की "वखारीचं काम" म्हणायचे. सुमनआक्का त्या दिवशी डबा बांधून द्यायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. एरवी ज्या बाई नवऱ्याच्या चपलेवर पण टीका करतात, त्या गुरुवारी गप्प. मला ते नवल वाटायचं, पण शेजाऱ्याच्या वखारीत आपण किती शिरायचं?

बँडची तर दशाच झाली. शेवटचा-शेवटचा कार्यक्रम आम्ही बघितला तो बेळगावजवळच्या मच्छे गावाच्या पुढं, एका प्लॉटच्या स्कीमच्या उद्घाटनाला. माळावर मांडव, मागं चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट. दोन गाण्यांच्या मध्ये एक माणूस माईक घेऊन ओरडत होता, "कोपऱ्याचे प्लॉट थोडेच शिल्लक!" आग्नेलचा डावा हात थरथरत होता, मलासुद्धा ते दिसलं. सूर चुकत होते. नवा गाणारा त्याच्याकडं बघून डोळे फिरवत होता. कार्यक्रम झाल्यावर आग्नेल स्टेजच्या कडेला बसला आणि अण्णांना म्हणाला, "पुरो जालें रे. फुडल्या म्हयन्यांत तुमच्या बेळगांवांत एक करतां आनी सोडतां. पयलो शो थंयच केल्लो, निमणोय थंयच."

पहिला शो बेळगावात, शेवटचाही बेळगावातच. मी अण्णांकडं बघितलं. आता कुठलं वाक्य काढतील? वरिजिनल एकही उरणार नव्हता. अण्णांनी आग्नेलचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला आणि फक्त म्हणाले, "सदाला आणतो."

तेव्हापासून त्यांना दुसरा विषय नव्हता. शेवटचा मूळ माणूस जाणार, त्याच्या समोर पहिल्या रांगेत मूळ दोस्तांपैकी निदान दोघं तरी पाहिजेत, पुढच्या दोन शीटांवरचे. बसूला फोन केला, त्यानं फुलांचं चित्र पाठवलं. फ्रान्सिसचा तर प्रश्नच नाही. राहिला सदा. "सदा आला म्हंजे झालं," अण्णा जिन्यात, गच्चीवर, भाजी निवडताना म्हणायचे. "येवढं एक झालं म्हंजे माझं बाकी काय न्हाई." गाडी धुतली. पुढच्या शीटला नवं कव्हर घातलं. मी म्हटलं, "येतील की. निपाणी काय लांब आहे?" अण्णा माझ्याकडं बघून नुसते हसले.

शो टिळकवाडीतल्याच एका मंगल कार्यालयात होता, संध्याकाळी पाचला. सकाळचं लग्न उरकलं की तिथंच. त्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात आले. "मास्तर, निपाणीला चला. त्येला गाडीत धरून बसायला कोणतरी पायजे." हातात कुंद्याचा डबा होता. आग्नेलच्या निरोपाचा.

तवंदीचा घाट उतरून आम्ही निपाणीत शिरलो. बाजारपेठेतून जाताना अण्णांनी एका चकचकीत फर्निचरच्या दुकानाकडं बोट दाखवलं. "ही आमची वखार. विकून लई वर्सं झाली." म्हणजे गुरुवारचं काम वखारीचं नव्हतं.

सदांचं घर नीटनेटकं, पुढं त्यांच्या मुलीचा दवाखाना. सुजाता दातांची डॉक्टर. व्हरांड्यात बाकावर एक उंच, देखणे गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आम्ही पायरीशी आलो आणि त्यांनी विचारलं, "कोण?"

अण्णांनी चपला काढल्या. आणि हात जोडले. बालमित्राला कुणी हात जोडतं?

"नमस्कार सायेब," अण्णा म्हणाले. "मी नवीन. विलासच्या जाग्याव आलोय. बदली."

मला वाटलं चेष्टा चालली आहे. मी हसायच्या तयारीत होतो. पण सदांनी गंभीरपणे मान हलवली. "व्हय व्हय. बसा. विलास कुठं ऱ्हायला?"

"येतो म्हणालाय."

"येळेवर कवाच येत न्हाई त्यो," सदा म्हणाले. मग अण्णांच्या मागच्या शेपटीकडं बघून जरा हसले. "केस विलासगत ठेवलाईसा. पर त्येचे काळेभोर हायती."

सुजातानं मला आत बोलावलं, चहाच्या निमित्तानं. कपात चहा ओतता ओतता ती हळू बोलली. "पहिल्यांदा काका म्हणायचे, अरे मीच विल्या. बाबा भडकायचे. म्हातारा येऊन दोस्ताचं नाव सांगतोय म्हणून ओरडायचे, एकदा तांब्या फेकून मारला. मग रडत बसायचे, विलासचं काय केलंत म्हणून. वर्षभर असं चाललं. मीच काकांना म्हटलं, नका येऊ, तुम्हालाही त्रास. त्यांनी तरुणपणी होते तसे केस वाढवून बघितले, तरी ओळखेनात. मग एका गुरुवारी ते आले आणि म्हणाले, मी नवीन, विलासच्या जाग्याव. बाबा म्हणाले, बसा. तेव्हापासून शांत आहेत."

वाईट वाटलं असं म्हणणं सोपं आहे. मला राग आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. ज्या माणसानं आयुष्यभर बदली वादकांकडं बघून नाक मुरडलं, तो आपल्याच जागेवर बदली म्हणून कामाला लागला होता.

बाहेर आलो तेव्हा अण्णा सांगत होते, "सायेब, आज बेळगावात अँकरचा शेवटचा शो. आग्नेल वाट बगायलाय. गाडी आणलीया."

सदांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "आग्नेल? मग उठा की!" ते स्वतःच उठले, सुजाताकडून मफलर मागून घेतला, माझा हात धरून पायऱ्या उतरले. अण्णांनी पळत जाऊन पुढचं दार उघडलं. सदा दारापर्यंत आले, आत वाकून बघितलं. नव्या कव्हरची शीट बघितली. मग पलीकडं स्टेअरिंगकडं बघितलं.

"गाडी कोण चालिवणार?"

"मी की," अण्णा म्हणाले.

"ती जागा विलासची हाय."

"व्हय, पर आजच्या दिस..."

"तसं चालत न्हाई," सदा समजुतीच्या सुरात म्हणाले, नव्या माणसाला नियम सांगावा तसं. "तुमी चांगलं हायसा. पर बेस आणि ड्रम शेजारी पायजेत. विलास आणि मी. विलास आल्याबिगर ही गाडी हलायची न्हाई."

अण्णांचं तोंड उघडलं. ते आता काय बोलणार ते मला कळलं, सुजातालाही कळलं, तिनं घाबरून वडिलांचा दंड धरला. एक शब्द होता नुसता. बोलले असते तर कदाचित, एखादे वेळी... पण अण्णांनी तो गिळला. गाडीचं दार हळू लावलं.

"बरोबर हाय, सायेब," ते म्हणाले. "वरिजिनल त्यो वरिजिनल."

सदा समाधानानं वळले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

मी अण्णांना बाजूला घेऊन म्हटलं, अजून वेळ आहे, तुम्ही तरी जा, मी इथं यांच्याजवळ बसतो. आग्नेल तुम्ही दिसल्याशिवाय सुरू करायचा नाही. अण्णांनी रस्त्याकडं बघितलं, व्हरांड्याकडं बघितलं. "विलास येतो म्हणून मीच सांगितलंय त्येला," म्हणाले. "आता विलासबी न्हाई आणि बदलीबी न्हाई म्हंजे कसं? वकिलास्नी फोन लावा. म्हणावं आग्नेलला सांगा, माझी वाट बगू नगंस. चालू कर."

मी फोन लावला. वकिलांना आधी काही ऐकू येईना, संध्याकाळसाठी आतापासूनच घातलेला कापूस काढल्यावर ऐकू आलं. निरोप देतो म्हणाले. आग्नेलनं तो ऐकून काय केलं, किती वेळ थांबला, हे मी नंतरही त्यांना विचारलं नाही.

अण्णांनी गाडीतून कुंद्याचा डबा आणला आणि तिथंच फोडला. सुजातानं वाट्या आणल्या. सदांनी डबा आपल्याकडं ओढून स्वतः वाटणी केली. एक वाटी सुजाताला, एक मला, एक स्वतःला. एक अण्णांच्या हातात दिली, "घ्या, तुमी बी घ्या." आणि शेवटची वाटी शिगोशीग भरून कठड्यावर ठेवली.

"ही विलासची," ते म्हणाले. "कुणी हात लावू नगा. त्येला कुंदा लई आवडतोय."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. सदांनी बाकावर शेजारची जागा हातानं झटकली आणि अण्णांकडं बघितलं. "उभं का? बसा की. विलास येईस्तवर बसा."

अण्णांनी आपली वाटी खाली ठेवली. कठड्यावर मुंग्यांची रांग होती. त्यांनी सुजाताकडून एक ताटली मागून घेतली, तिच्यात पाणी ओतलं, विलासची वाटी मधोमध ठेवली, आणि सदाशेजारी जाऊन बसले.